ती पाटी भांडणाची नाहीये रे

पत्र आधी देते, थोडं कापून. नाव अर्थातच देत नाही, त्याने स्वतःच खाली "कॅनस्टाटचा एकांडा" अशी सही केलीये.

"ताई, मी नाशिकचा, वय २७. पुण्यात जॉब होता, सप्टेंबरमध्ये जर्मनीत स्टुटगार्टला आलो, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथल्याच बाड कॅनस्टाट भागात एका खोलीचा फ्लॅट मिळाला, मूळ भाडेकरू वर्षभरासाठी बाहेर गेलाय त्याच्याकडून घेतलाय. काम ठीक आहे पण ऑफिसमध्ये हाय-हॅलोच्या पुढे कुणी बोलत नाही, चार वाजले की सगळे गायब. पहिल्या दोन पगारांतून इतका टॅक्स कापला की मला वाटलं चूक झाली, एचआर म्हणते टॅक्स आयडी दे, आणि त्याचं पत्र मला कधी आलंच नाही. रविवारी सगळं बंद असतं, मी दिवसभर पडून रील्स बघतो. आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, तासभर तरी जातो, मी सगळं मस्त आहे असंच सांगतो. बाबांनी आख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेत. आणि आता शेजारच्या आजींनी माझ्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवली, त्यावर जर्मनमध्ये कायतरी लिहिलंय. फोडणीच्या वासाची तक्रार असणार म्हणून मी त्या दिवसापासून फोडणीच करत नाहीये, नुसता दहीभात खातोय. दोन आठवडे पाटी तशीच आहे. परवा जिन्यात आजी भेटल्या, पाटीकडे बोट दाखवून कायतरी बोलल्या, हसल्या नाहीत. ताई, मी डिसेंबरची वन-वे तिकिटं बघतोय. येऊ का परत?"

अरे एकांड्या,

आधी पाटीचं बोलू, कारण तुझं आख्खं पत्र वाचताना मला तीच दिसत होती. पाटीवर "केहरवोखे" असं कायतरी लिहिलंय ना? बघ जाऊन. ती तक्रार नाहीये. या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी आहे, एवढंच.

हे फक्त तुमच्या त्या श्वाबन, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या, भागातच इतकं कडक आहे, बर्लिनवाल्यांना सांगितलंस तर ते हसतील. तुझ्या मजल्यावरचे लोक आळीपाळीने एकेक आठवडा आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडतात, पुसतात, कठड्यावरून फडकं फिरवतात आणि झालं की ती पाटी पुढच्याच्या दाराला लावतात. ही झाली छोटी पाळी. मोठी पाळी वेगळी असते, त्यात फुटपाथ, अंगण, तळघराचा रस्ता आणि बर्फ पडला तर सकाळी उठून बर्फसुद्धा. स्टुटगार्टच्या १४९२ च्या शहर-नियमांत प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी असं लिहिलेलं होतं, म्हणजे ही हौस किती जुनी ते बघ. आता तो नगरपालिकेचा नियम राहिलेला नाही, पण बहुतेक घरांच्या भाडेकरारात असतो, तुझ्या मूळ भाडेकरूच्या करारातही असणार आणि तो तुला सांगायला विसरला. आपल्याकडे वाड्यात पाण्याच्या पाळीवरून जे व्हायचं तेच समज, पाळी चुकवणारा माणूस वाईट नसतो पण लक्षात राहतो.

म्हणजे आजींच्या बाजूने गोष्ट अशी आहे की नवीन मुलगा आला, त्याला पाटी दिली, त्याने दोन आठवडे ती तशीच लटकत ठेवली आणि जिना झाडला नाही. त्या हसल्या नाहीत यात नवल ते काय. आणि तू तिकडे दहीभात खातोयस.

तर येत्या शनिवारी सकाळी, साधारण दहाच्या सुमारास, बादली-मॉप घेऊन जिना पूस. शनिवारीच, रविवारी नको, रविवारी त्या भागात कुणी बादलीचा आवाजसुद्धा करत नाही. आणि जरा आवाज करत पूस, लोकांना कळू दे. जिना आधीच स्वच्छ असला तरी पूस, तिथे स्वच्छ असण्याइतकंच स्वच्छ करताना दिसणंही मोजलं जातं, हे माझं मत आहे पण कुठल्याही श्वाबन माणसाला विचार, तो नाकारणार नाही. मग पाटी घेऊन आजींची बेल वाजव. परस्पर दाराला अडकवून पळू नकोस. "एन्टशुल्डिगुंग, इश हाबं दास निश्त गेवुस्ट", म्हणजे माफ करा मला माहीत नव्हतं, एवढं पाठ कर आणि हातात एका डबीत दिवाळीच्या फराळातलं उरलेलं काहीतरी दे, शंकरपाळे असतील तर उत्तम, ते तिथल्या बिस्किटांच्या जवळ जातात. चकली पहिल्याच भेटीत नको, तिखट लागलं तर बिचाऱ्यांना सांगताही येणार नाही. आणि पुढची पाळी कधी ते मोबाईलमधलं कॅलेंडर पुढे करून विचार, त्या स्वतः बोट ठेवून दाखवतील.

फोडणी आजपासून चालू कर. वासावरून तुला कुणी काही बोललेलं नाही, ते तुझं तूच ठरवलंस. फक्त खिडकी नीट सताड उघड, पाच-दहा मिनिटं, थंडी असली तरी. ते लोक भर हिवाळ्यात दिवसातून दोनतीनदा अशी खिडकी उघडतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि मग घरमालक डिपॉझिटमधून पैसे कापायला बघतो. जिन्यातलं दार उघडं ठेवून वास बाहेर घालवायचा नाही हे मात्र पाळ. आणि रात्री दहानंतर मिक्सर नको. रविवारी काचेच्या बाटल्या त्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायला जाऊ नकोस, खळ्ळकन आवाज होतो आणि समोरच्या गॅलरीत कुणीतरी उभं असतंच.

बाय द वे, कॅनस्टाटमध्ये शेजाऱ्यांनी संशय घेणं ही जुनी परंपरा आहे. १८८० च्या दशकात गॉटलीब डायम्लर आणि त्यांचे जोडीदार मायबाख तिथे बागेतल्या एका काचघरात पेट्रोलचं इंजिन बनवत होते, दार लावून, रात्रीअपरात्री ठोकाठोकी, आणि म्हणतात की तिथल्या माळ्याला वाटलं हे खोटी नाणी पाडतायत, त्याने पोलीस आणले. पोलिसांना आत इंजिनचे पार्ट सापडले. ते काचघर तुझ्या घराजवळच्या कुरपार्कमध्ये अजून आहे, छोटं म्युझियम आहे, तू गाड्यांच्या धंद्यातला माणूस आणि अजून गेला नसशील तर कमाल आहे.

आता पगार. हे त्यातल्या त्यात सोपं आहे आणि तुझं अर्धं टेन्शन त्याचंच आहे असं मला वाटतं, माणूस परदेशात गेला आणि हातात कमी पैसे आले की सगळंच वाईट दिसायला लागतं. तुझी पत्त्याची नोंदणी झालीये ना? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते, तू केली असशील, नाहीतर एव्हाना कंपनीने ओरडून करून घेतली असती. ती झाली की टॅक्स आयडी आपोआप पोस्टाने येतो, अकरा आकडी नंबर. आता प्रश्न असा की पोस्टाच्या पेटीवर नाव कुणाचं आहे? मूळ भाडेकरूचं ना? झालं तर मग. तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, बहुतेक घरांना फ्लॅट नंबरच नसतो, तो फक्त आडनाव बघतो. पेटीवर आडनाव नाही म्हणजे माणूस इथे राहत नाही, पत्र परत. तुझं टॅक्सचं पत्र असंच परत गेलेलं असणार, हेल्थ इन्शुरन्सच्या कार्डाचं आणि बँकेच्या पिनचंही काय झालं बघून घे.

आजच्या आज कागदावर आडनाव मोठ्या अक्षरात लिहून पेटीवर आणि खालच्या बेलवर सेलोटेपने चिकटव, मूळ भाडेकरूला मेसेज टाकून कळव म्हणजे झालं. मग केंद्रीय टॅक्स ऑफिसच्या वेबसाईटवर नंबर पुन्हा मागवायचा फॉर्म आहे तो भर, नंबर फोनवर किंवा ईमेलवर देत नाहीत, पोस्टानेच येतो, म्हणून पेटी आधी. नंबर नसला की कंपनी सहाव्या क्लासने टॅक्स कापते, तो सगळ्यात जास्त. तू अविवाहित, तुझा क्लास पहिला. नंबर दिलास की कंपनी बरेचदा पुढच्या पगारात मागचं दुरुस्त करते, नाही केलं तर वर्ष संपल्यावर रिटर्न भरून जास्तीचे परत मागता येतात. पैसे बुडालेले नाहीत. तेवढ्यात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते. ते फसवणुकीचं पत्र नाही, फेकू नकोस, बरेच आपले लोक फेकतात आणि मग दंडासकट भरतात. वर्गणी माणशी नसून घरामागे एक असते, त्यामुळे मूळ भाडेकरू अजून भरतोय का ते आधी विचार.

हे सगळं मी इतकं का सांगत बसले? कारण तुला तिथे करमत नाही हे जे तुझ्या पत्रातून दिसतंय त्यातला निम्मा भाग हा आहे की तुझं घर अजून तुझं झालेलं नाही. पेटीवर नाव नाही, बेलवर नाव नाही, दाराला एक अनोळखी पाटी, स्वयंपाकघरात फोडणी नाही. अशा घरात मला पण करमलं नसतं.

उरलेला निम्मा भाग माणसांचा. तो अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

बघ, आपल्याकडे माणसं आपसूक जमतात. तू पुण्यात नवीन होतास तेव्हा रूममेट होता, त्याचा मित्र होता, मेसवाल्या काकू होत्या, टपरीवर कुणी ना कुणी भेटायचं, तू काही न करता आठवड्यात दहा माणसं ओळखीची व्हायची. तिथे हे होत नाही, आणि होत नाही याचा अर्थ तू नकोसा आहेस असा नाही. तिथली माणसं जोडायची म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. एकदा भेटून छान गप्पा झाल्या आणि पुढच्या वेळी तो माणूस तुला ओळख देत नाही असं वाटलं तरी वाईट वाटून घ्यायचं नाही, परत जायचं. सहाव्या-सातव्या वेळी तोच माणूस तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. मी त्या देशात बरीच वर्षं काढलीयेत, माझ्या ज्या मैत्रिणी झाल्या त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या दर आठवड्याच्या गोष्टीतून झाल्या, गायनाच्या ग्रुपमधून, पोहण्याच्या क्लासमधून. पार्टीत भेटलेली एकही टिकली नाही.

ऑफिसपासून सुरुवात कर. तू रुजू झालास तेव्हा खायला काही नेलं होतंस का? नाही ना? तिथे नवीन आलेल्याने स्वतः सगळ्यांना काहीतरी खिलवायचं असतं. आपण वाट बघतो की आता हे लोक आपलं स्वागत करतील, आणि ते वाट बघतात की हा कधी बोलावतो. वाढदिवसाचंही तसंच, ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा, कुणी सरप्राईज देईल म्हणून बसलास तर बसूनच राहशील. तर टीमला एक छोटा मेल टाक, शुक्रवारी साडेनऊला किचनमध्ये या, मी उशिरा का होईना पण सगळ्यांना नाश्ता देतोय. आदल्या दिवशी जवळच्या बेकरीत लोणी लावलेले ब्रेत्सल, म्हणजे तिथले पीळ घातलेले खारे पाव, सांगून ठेव, माणशी एक आणि वर दोनतीन जास्त. स्टुटगार्टवाल्यांना त्यापुढे काही सुचत नाही, त्यांचा ब्रेत्सल पोटाकडे जाड आणि हातांकडे बारीक कुरकुरीत असतो आणि म्युनिकवाल्यांचा कसा चुकीचा असतो हे कुणीतरी तुला नक्की समजावून सांगेल, सांगू दे, तीच गप्पांची सुरुवात. सोबत घरचा चिवडा ठेव. साडेनऊ म्हणजे साडेनऊ, तू सव्वानऊला तिथे हजर पाहिजेस.

आणि जेवायला किती वाजता जातोस? आपल्या सवयीने दीडला जात असशील तर कँटीन रिकामं दिसणारच. ते लोक साडेअकरा-बाराला जेवतात. उद्यापासून साडेअकराला शेजारच्या टेबलवाल्याला सरळ विचार, मी पण येऊ का, तो हो म्हणेल, आणि मग रोज जा. सुरुवातीला ते आपापसात जर्मनमध्ये बोलतील, तुला फार कळणार नाही, थोडे दिवस नुसतं बसून जेव. ते मुद्दाम करत नाहीत, जेवताना इंग्रजी बोलायचा त्यांनाही कंटाळा येतो, तुला नाही का येत?

यावर उपाय एकच, भाषा. फोक्सहोखशूल म्हणजे गावाची प्रौढांसाठीची शाळा, स्टुटगार्टची रोटेब्यूलप्लात्सला आहे, संध्याकाळचे क्लास असतात, खाजगी क्लासपेक्षा बरेच स्वस्त. अॅपवर शिकू नकोस, म्हणजे शिक पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, अॅप तुला मंगळवारी संध्याकाळी घराबाहेर काढत नाही. क्लासमध्ये तुझ्यासारखेच दहा-पंधरा एकटे जीव असतात, कुणी ब्राझीलचा, कुणी तुर्कस्तानची, सगळ्यांचं व्याकरण सारखंच वाईट, त्यामुळे लाज नाही. शिवाय तुझं ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा परवाना, असेल तर रोखठोक फायदा ऐक, जर्मनची ए-१ पातळी असेल तर २७ महिन्यांनी कायमचं राहायचा परवाना मागता येतो आणि बी-१ केलंस तर २१ महिन्यांनी. एक गंमत सांगून ठेवते, क्लासमध्ये शिकवतात ती जर्मन आणि तुझ्या शेजारच्या आजी बोलतात ती यात पुणेरी आणि मालवणीइतकं अंतर आहे, त्यामुळे आजींचं नाही कळलं तर क्लासची फी वाया गेली असं समजू नकोस.

आता तुझा तो रविवार. दुकानं बंद असतात हे खरं, बेकऱ्या सकाळी काही तास उघड्या मिळतात तेवढ्याच. पण दुकानं बंद म्हणजे सगळं बंद नाही रे. लोक त्या दिवशी डोंगरात जातात. तू नाशिकचा मुलगा, पुण्यात राहिलास, म्हणजे राजगड, हरिश्चंद्रगड, निदान अंजनेरी-ब्रह्मगिरी तरी केलेलं असणारच. मग तुला श्वाबन आल्बबद्दल कुणी सांगितलं नाही हे आश्चर्य. शहराच्या दक्षिणेला ती डोंगररांग आहे, हजार मीटरच्या आसपास, आणि कड्यांवर किल्ले आहेत, होहेननॉयफेन, होहेनउराख, पडके बुरूज, तटबंदी, खाली गाव दिसतंय, अगदी आपल्यासारखं, फक्त टाक्यात पाणी नाही आणि वर भजी नाही. बाड उराखला तर धबधबाच आहे ३७ मीटरचा आणि त्याच्या नावाचं स्टेशन आहे, ट्रेनमधून उतरलं की चालायला सुरुवात. तुझं डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, आहे का? २०२३ मध्ये ४९ युरोला निघालं होतं, २०२६ पासून महिना ६३ आहे, कंपनी त्यात भर घालते का ते विचार. त्यावर लोकल आणि रिजनल ट्रेन सगळ्या चालतात, फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत.

पण एकट्याने जाऊ नकोस, म्हणजे एखादवेळी जा पण सवय लावू नकोस. तिथे श्वाबिशर आल्बफेराइन नावाची चालणाऱ्यांची संस्था आहे, १८८८ पासूनची, गावोगावी त्यांचे गट आहेत आणि रविवारी ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्टेशनवर जमून चालायला निघतात. पाहुणे चालतात, मेंबर व्हायची जबरदस्ती नाही. तिथे बहुतेक लोक साठीच्या पुढचे असतात आणि तू म्हणशील ताई मला म्हाताऱ्यांमध्ये कुठे पाठवता. ऐक माझं. त्या देशात नवख्या माणसाशी हळू आणि भरपूर बोलायला वेळ फक्त निवृत्त लोकांकडे असतो. चार तास तुझ्या शेजारून चालणारे एखादे रिटायर्ड इंजिनियर आजोबा तुला जेवढी भाषा शिकवतील तेवढी कुठलाच क्लास शिकवणार नाही, आणि शेवटी सगळे मिळून एखाद्या खानावळीत श्पेत्सलं, म्हणजे अंडं घातलेल्या जाड शेवया, खायला बसतात, तू मांस खात नसशील तर चीजवालं मिळतं. तुझ्या वयाचे हवे असतील तर क्लायंबिंग हॉल आहेत, क्रिकेट क्लब आहेत, बॅडमिंटन आहे. काहीही घे पण आठवड्याचं घे, आणि एकच घे. उत्साहाच्या भरात चार ठिकाणी नाव घालशील आणि जानेवारीत एकाही ठिकाणी जाणार नाहीस.

आपली मराठी मंडळी आहेत तिथे, गणपती, दिवाळी करतात, जरूर जा. पोटभर मराठी बोललं की माणूस आठवडाभर टिकतो. फक्त तिथे दर वेळी कोपऱ्यात एक टोळकं असतं, ज्यांना त्या देशात काहीच आवडत नाही, डॉक्टर वाईट, ट्रेन लेट, लोक खडूस, आणि तरी पंधरा वर्षं राहतायत. ट्रेनबद्दल ते बरोबर आहेत. तरी त्या कोपऱ्यात तू सध्या बसू नकोस.

आता आई. याबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते कारण तुझी आई हे वाचत असेल.

तुझा रोजचा कॉल कधी होतो? आईचं जेवण आवरून, म्हणजे भारतात रात्री दहाला ना? हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, तुझ्याकडे साडेपाच. म्हणजे तू ऑफिसमधून आलास, कॉल घेतलास, तासभर गेला, बाहेर मिट्ट काळोख झालेला, मग कशाला बाहेर पडतोयस. क्लास, खेळ, पोहणं, जे काही माणसांसोबतचं असतं ते तिथे नेमकं साडेपाच ते आठमध्ये असतं. तो तास तू रोज नाशिकमध्ये घालवतोयस आणि मग म्हणतोस स्टुटगार्टमध्ये कुणी ओळखीचं नाही. कॉल बंद कर असं मी म्हणत नाहीये, वेळ बदल. सकाळी सातला तू चहा करताना फोन लाव, तिच्याकडे साडेअकरा, तिचा स्वयंपाक उरकलेला असतो, दहा-पंधरा मिनिटं, कॅमेरा चहाच्या पातेल्याकडे असला तरी चालेल. मोठा कॉल शनिवारी. पहिला आठवडा ती रुसेल, संध्याकाळी तुझी आठवण येते म्हणेल, तेव्हा "मंगळवारी क्लास असतो गं" असं कारण सांग, अभ्यासाच्या कारणापुढे मराठी आई गप्प बसते.

आणि सगळं मस्त आहे हे सांगणं थांबव. सगळं रडगाणं तिच्यावर ओत असं नाही, पण एखादी खरी गोष्ट सांग. पाटीचीच सांग. ती हसेल आणि म्हणेल, मेल्या इथे कधी स्वतःची खोली झाडली नाहीस आणि तिथे जिना पुसतोयस, आणि ही गोष्ट ती संध्याकाळी पाच जणींना सांगेल. तू मस्त आहे म्हणतोस तेव्हा तिला तुझा आवाज ऐकून कळतंच की नाहीये, म्हणून तर ती तासभर फोन ठेवत नाही. बाबांच्या पेढ्यांचं ओझं घेऊ नकोस, कॉलनीवाल्यांनी पेढे खाल्ले, विसरले.

एक गंभीर गोष्ट. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे अंधार असतो, डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, आणि आपल्या शरीराला त्याची सवय नाही. झोप येत नसेल किंवा नुसती झोपच येत असेल, जेवावंसं वाटत नसेल, सकाळी उठायला कारण सापडत नसेल, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर याला आळस म्हणू नकोस. घराजवळचा फॅमिली डॉक्टर, हाउसआर्त्स्ट म्हणतात त्याला, अजून केला नसशील तर या आठवड्यात शोध, आजारी पडायच्या आधी शोधायचा असतो, आणि त्याला हे सगळं स्पष्ट सांग, इन्शुरन्समध्ये आहे, लाजायचं काही नाही. ११६११७ वर मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ मिळवता येते. आणि कधी अगदीच सहन होत नाही असं झालं, जीव नको वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, ११२ लाव. दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटं ऑफिसबाहेर उजेडात चाल, रोज, आकाश ढगाळ असलं तरी.

शनिवारी वेळ असेल तर गरम पाण्याच्या हौदात जाऊन बस. तुझं गाव त्यासाठीच तर प्रसिद्ध आहे, नेकर नदीच्या पलीकडच्या काठी लॉयझं म्हणून मोठं स्नानगृह आहे, जमिनीतून येणारं खनिज पाणी, बाहेर थंडी आणि तू गळ्यापर्यंत पाण्यात. आत जाण्याआधी साबण लावून अंघोळ करायची असते आणि सौनाच्या भागात कपडे चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे दारातून पळत येणार नाहीस.

तर परत यायचं का? यायला काहीच हरकत नाही, परत येणाऱ्याला हरलेला म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण नोव्हेंबरमध्ये ठरवू नकोस. तो तिथला सगळ्यात रडका महिना आहे, तिथे जन्मलेल्यांनाही तेव्हा देश सोडून जावंसं वाटतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, संध्याकाळी सातनंतरही उजेड असतो, तोपर्यंत तुझे दोनतीन पगार नीट झालेले असतील, क्लासची पहिली पायरी संपलेली असेल. तेव्हाही हेच वाटलं तर खुशाल ये. प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्यात दोन आठवड्यांची नोटीस पुरते, पण मार्चअखेर तुझं ते बहुधा संपलेलं असेल, म्हणून नोकरीच्या आणि घराच्या दोन्ही करारांतली नोटीस किती आहे ते आत्ताच वाचून ठेव.

डिसेंबरचं ते वन-वे बंद कर. नाताळात भाडी तशीही आकाशाला भिडलेली असतात, आणि तीन महिन्यांत घरी गेलास की परतताना पाय निघत नाही हे मी बऱ्याच पोरांचं बघितलंय. मेचं काढ, आंबे असतात, मेमध्ये तिथे सुट्ट्याही भरपूर येतात त्यामुळे रजा कमी खर्च होते. रिटर्न काढ. आणि परत जाताना कुकरच्या दोन रिंगा आणि एक शिट्टी घेऊन जा, तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये आपल्या मापाची मिळेलच असं नाही.

ताई